गाडीत दिलेला डबा

त्या गाडीला वासच नव्हता. म्युनिकच्या बसस्थानकातून सकाळी सुटलेल्या त्या उंच, चकचकीत, लांब पल्ल्याच्या गाडीत बसून मी दीर्घ श्वास घेतला, तर छातीत शिरली ती नुसती गार, धुतलेली, कोरी हवा. ना डिझेल, ना कोथिंबिरीच्या जुड्या, ना महाडकडून घाट चढून आलेल्या सुकटीचा तो नाकाला झोंबणारा दर्प! वासावाचून प्रवास हा प्रवास वाटावा तरी कसा? वेल्ह्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी सारी उमर गेली. सुट्टी लागली की वेल्ह्याहून कापूरहोळ, तिथे गाडी बदलून भोर, आणि भोरहून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने हिर्डोशी, म्हणजे माझं माहेर. डोळे मिटून बसले तरी कुठलं वळण आलं ते मला वासावरून कळायचं. इथे मात्र डोळे उघडे ठेवूनही काही कळेना.

खिडकीबाहेर हॉपच्या वेलींचे मळे मागे पडत होते. घराएवढे उंच खांब, त्यांवर तारा, आणि तारांना बिलगून वर चढलेलं ते हिरवंगार गच्च रान. त्यापासून बियर करतात म्हणे. करोत बापडे! मला आपले परसातले घोसाळ्याचे मांडव आठवले. परक्या मुलुखात माणसाचं मन असंच वागतं. नवं काही दिसलं की आधी त्याला आपल्या घरचं नाव देऊन टाकतं, आणि मगच त्याच्याकडे निवांत पाहू शकतं. पण खरं सांगू? मी निवांत नव्हतेच. माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेला एक स्टीलचा डबा होता, आणि तो घेतला जाईल की परत फिरवला जाईल, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

डबा माझ्या थोरल्या भावाचा. घरात लहानमोठे सगळे त्याला दादाच म्हणतात, त्याची मुलंसुद्धा. माझी वहिनी मुलं शाळेत असतानाच गेली. पुढे धाकटी सुवर्णा अकरावीला भोरच्या वसतिगृहात राहायला गेली, आणि तिथलं जेवण तिच्या घशाखाली उतरेना. मग दादाने सुरू केला तो डबा. पहाटे उठून स्वतःच्या हातांनी नाचणीच्या भाकऱ्या थापायच्या, कोरडं पिठलं, ठेचा, सगळं फडक्यात बांधून सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. आमच्या भागात असे कितीतरी डबे गाडीतून जात. पत्ता नाही, पावती नाही, चिठ्ठी नाही. भोरच्या स्टँडवर गाडी लागली की पोरं ड्रायव्हरच्या दाराशी जमत, आणि तो वरून एकेक गाठोडं खाली देई. संध्याकाळच्या गाडीने धुतलेला डबा परत. मी माहेरी जाताना स्टँडवर अनेकदा पाहिलं आहे, दोन वेण्यांची सुवर्णा टाचा उंचावून हात वर करून उभी असायची. बापलेकीत बोलणं म्हणाल तर फारसं नव्हतंच. आमचा दादा मुळात मुखदुर्बळ. जे काही बोलायचं ते त्याने भाकरीत थापलं, असं मला नेहमी वाटतं.

तीच सुवर्णा परिचारिका झाली, भाषा शिकून जर्मनीला आली, आणि लाइपझिगच्या इस्पितळात नोकरीला लागून तिने तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं. घरी कळवलं ते लग्न झाल्यावर. त्याआधीच कुणीतरी हिर्डोशीच्या थांब्यावर दादाला मोबाईलवर लग्नाचा फोटो दाखवला होता. झालं! दादाने तोंड मिटलं ते मिटलंच. मी किती डोकं फोडलं! त्याचं एकच पालुपद, "मला इचारलं आसतं तर म्या न्हाई म्हणलो नसतो." आणि इकडे फोनवर हिचं पालुपद, "आत्या, विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते." कुणाचं खरं धरायचं, सांगा? दोघांचंही खरं असेल, आणि म्हणूनच दोघंही हटत नव्हती. बघता बघता तीन-चार वर्षं गेली, आणि या दोघांच्या मध्ये बोलून बोलून मी मात्र थकले.

सुवर्णाचा भाऊ संदीप म्युनिकला नोकरीला आहे. त्याने यंदा आम्हा दोघांना महिनाभर बोलावून घेतलं. "लाइपझिगला चल," असं मी दादाला पहिल्या दिवसापासून म्हणत होते, आणि तो ढिम्म. शेवटी मी वैतागले. म्हटलं, तू बस इथे भिंतीकडे बघत, मी जाते माझ्या भाचीकडे! सुवर्णाने फोनवर आधीच बजावलं होतं, "तू ये, पण दादांचा विषय काढू नकोस. काढलास तर मी उठून जाईन." असा दोन्हीकडून बंदोबस्त.

निघायच्या दिवशी सकाळी संदीपच्या स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज आला. पाहते तर दादा! हिर्डोशीहून आणलेलं नाचणीचं पीठ परातीत, आणि समोर ती काचेची शेगडी. "ह्या चुलीला जाळच न्हाई, भाकर फुगंल कशी?" असं तिच्यावर चिडत, फडक्याने दाबून दाबून तो भाकऱ्या भाजत होता. मी मूग गिळून बसले. एक शब्द बोलले असते तर त्याने परात सारून दिली असती; मी माझ्या भावाला ओळखते. मनात म्हटलं, वितळला एकदाचा, आता हा डबा माझ्याकडे देईल.

पण कसलं काय! बसस्थानकावर गाडी लागली. चालक बाई होत्या, आखूड केसांच्या, दणकट. मी पिशवी सावरते आहे तोवर दादा माझ्या बाजूने तरातरा पुढे गेला आणि त्याने दोन्ही हातांनी डबा त्या बाईंच्या समोर धरला. "बाई, एवढं माज्या लेकीला द्या. सुवर्णा नाव तिचं. ष्टँडावर यील ती." शुद्ध हिर्डोशीच्या मराठीत! अगं बाई, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे माणसांची रांग, संदीपचे कान लालेलाल. मी दादाचा दंड धरला, "अरे, मी चाललेय ना तिच्याकडेच? माझ्याकडे दे!" तर माझा हात झटकून म्हणतो कसा, "तुज्याकडं न्हाई देत. तुज्याकडं दिला म्हंजी म्या सांगावा धाडला आसं हुईल. म्या गाडीत देतोय, तसंच द्याचं आपलं."

तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. चार वर्षांच्या अबोल्यानंतर या माणसाला लेकीशी बोलायचा दुसरा मार्गच ठाऊक नव्हता. निरोप म्हणजे माघार, भेट म्हणजे माघार. पण गाडीत डबा देणं ही माघार नव्हे, तो तर जुना रिवाज! माया आणि मान या दोघांना एकाच घरात नांदवायला आपली माणसं काय काय युक्त्या काढतात! चालक बाई मात्र मान हलवत होत्या. संदीपने विचारून सांगितलं, "दादा, इथं नुसतं सामान नेत नाहीत. ज्याचं सामान तो माणूस गाडीत पाहिजे." दादाला हे कळेच ना. "डब्याला माणूस कशाला?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि हळूहळू त्याचे हात खाली आले. सत्तरी गाठलेल्या भावाचं ते तोंड मला बघवेना. मी डबा त्याच्या हातातून ओढून घेतला, बाईंना खुणेने सांगितलं की माझाच आहे, आणि आत चढले. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता हॉपचे मळे संपून काळपट अरण्यांचा प्रदेश सुरू झाला होता. गाडीत पन्नासेक माणसं असतील, पण निःशब्द. जो तो आपापल्या कानांत गाणी कोंबून आपल्यापुरता प्रवास करत होता. तेवढ्यात डब्यातल्या ठेच्याचा लसूण दरवळायला लागला! पुढच्या बाकावरच्या तरुणाने दोनदा वळून पाहिलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा वळायची त्याची छाती झाली नाही. पण आतून मी भेदरले होते. सुवर्णाने डबा घेतला नाही तर? परत म्युनिकला जाऊन भरलेला डबा दादापुढे ठेवायचा, तो कसा? मग त्यांच्यात उरलेला हा एक रस्ताही बंद होणार होता. विषय काढायचा नाही म्हणून ती बजावून बसली होती, आणि मी तर तो विषयच मांडीवर घेऊन चालले होते.

लाइपझिगला गाडी थांबली. काचेतून मला सुवर्णा दिसली. तिने मला पाहिलं, पण ती माझ्याकडे आली नाही. ती सरळ चालकाच्या दाराशी गेली आणि तिने हात वर केले. संदीपने तिला कळवलं होतं, दादांनी गाडीत डबा दिलाय, एवढंच. चालक बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उतरले आणि तो डबा तिच्या हातांत ठेवला. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून बोलले नाही. ती तिथल्याच बाकावर बसली, गाठ सोडली, आणि न फुगलेल्या त्या भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागली. "कडक झाल्यात," म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघोत!

दोन दिवस तिच्याकडे राहिले. जावई भला माणूस, मला चहा करून देताना साखर किती हे खुणेने विचारणारा. दादाचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. परतीच्या सकाळी ती मला बसवून द्यायला आली, तेव्हा तिच्या हातात तोच डबा होता, लख्ख घासलेला, आत सांजा भरलेला. मी घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो छातीशी धरला.

"तुझ्याकडं कशाला?" ती म्हणाली. "ज्याचं सामान तो माणूस गाडीत पाहिजे, असाच नियम आहे ना इथं?" आणि पिशवीतून स्वतःचं तिकीट काढून माझ्या आधी पायऱ्या चढली. मी पुरती खुळ्यासारखी खाली उभी! कसले रुक्ष लोक, कसले दगडी नियम, म्हणून त्या देशाला मी मनात किती नावं ठेवली होती! नियमाने डबा एकटा येऊ दिला नाही, म्हणून तर माणसाला निघावं लागलं.

मी तिच्या शेजारी बसले तेव्हा ती संदीपशी फोनवर बोलत होती. "दादांना सांग, डबा परत पाठवलाय. स्टँडवर घ्यायला या म्हणावं. दुसरं काही सांगू नकोस." तिने फोन ठेवला. गाडी केव्हा पोचणार ते संदीपने सांगितलं, तरी दादा तासभर आधीच येऊन उभा राहणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.