हात मांगं ठेव वो

नसरीन मॅडम परवा गेल्या. आणि आजच्या पालकसभेत त्यांचा वर्ग बंद करायची भाषा निघाली.

सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. चहा ठेवते, विसरते, पुन्हा ठेवते. म्हणून लिहायला घेतलं.

अमरावतीत मॉन्टेसरी म्हटलं की लोकांना लाकडी ठोकळे आणि अडीच वर्षांची पोरं आठवतात. मॅडमनी ती सातवी-आठवीपर्यंत ओढत आणली. या वयाच्या पोरांना जमीन द्या, खरं काम द्या आणि बाजूला व्हा, एवढंच त्यांचं म्हणणं.

नांदगाव पेठच्या रस्त्याला, शाळेमागे, मुलांची अर्धा एकर तूर. पेरायची कधी, सोंगायची म्हणजे कापायची कधी, विकायची कुठे, सगळं मुलांच्या बैठकीत ठरायचं. गणित आणि विज्ञान त्यातूनच.

मी अकोल्याहून त्यांची असिस्टंट म्हणून आले. पोरगं जरा अडलं की माझे हात शिवशिवायचे.

मॅडम म्हणायच्या, "हात मांगं ठेव वो. पोट्टे करतीन."

मागच्या हंगामात मुलांनी गॅदरिंगच्या नादात सोंगणी लांबवली. शेंगा वाळून तडकल्या, बरीच तूर मातीत गेली. मॅडम रोज बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

पालक भडकले. मीही भडकले. "मॅडम, एकदा सांगायचं ना!"

"सांगतलं असतं तं माही तूर झाली असती, बेटा."

मुलं मातीतून दाणे वेचत बसली. तेव्हापासून बैठकीत तुरीचा विषय पहिला.

आजची पालकसभा आधीच ठरलेली होती. मी पुढे ढकलणार होते.

मुलं म्हणाली, "नाई, आमी घेतो."

आठवीतली वैष्णवी बोलायला उभी राहिली. तेवढ्यात एक बाबा म्हणाले, "मॅडमच नाई राहिल्या तं हे तूर-बिर कावून पायजे? ट्युशन लावू, मोकळं होऊ."

वैष्णवीनं माझ्याकडे पाहिलं. सगळे पालकही माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले होते. खरंच उठले होते.

मग हात मागे बांधून भिंतीला टेकले.

"काका," वैष्णवी म्हणाली, "मॅडम असत्या तं थांबल्या असत्या. तुमी बी थांबा. मले बोलू द्या."

आणि बोलली. मागची तूर कशी घालवली, ते स्वतःहून आधी सांगितलं. यंदा कोण काय करणार, तेही सांगितलं.

"सोंगणीवरी वर्ग राहू द्या. मंग या अन् पाहा."

ते बाबा खाली बसले. सोंगणीपर्यंत वर्ग चालू ठेवायचं पालकांनी मान्य केलं. पुढचं मला माहीत नाही, आणि आतापासूनच घोर लागलाय.

मॅडम, तुमची फार आठवण येते हो.

हात मागेच आहेत. फक्त डोळे पुसायला पुढे येतात, तेवढं चालवून घ्या.

खुदा हाफिज, मॅडम.