सुवर्णगड्डे लावणाऱ्या वन्सं

फोन आला तेव्हा मी मोहोळला, माहेरी होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडून रेणुका बोलत होती. सोलापुरातल्या मुलींच्या वसतिगृहात माझ्या नणंदेच्या हाताखाली तिनं कितीतरी वर्षं स्वयंपाक केला होता. "बाई, मावशी गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच धरून राहिली. तिच्यामागं पातेल्यांचे आवाज येत होते. मुली जेवायला यायची वेळ झाली होती आणि स्वयंपाक थांबलेला नव्हता... मला आठवतं, त्या क्षणी दुःखाच्याही आधी मनात आलं ते हेच की, वन्संना हे आवडलं असतं.

महानंदा ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना मी शेवटपर्यंत वन्सं म्हटलं. त्यांचं सासर अक्कलकोटच्या पलीकडं, जिथं घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलतात अशा गावात. लग्नानंतर पाचव्या वर्षी यजमान आजारानं गेले. मूलबाळ नव्हतं. भावानं त्यांना सोलापूरला आणलं, तेव्हा बाकी बायका दागिने, भांडी आणतात तसं यांनी सासूकडून एक पोतं आणलं. त्यात सुरणाचे डोळे असलेले तुकडे होते, राखेत घोळवून वाळवलेले. कन्नडमध्ये सुरणाला सुवर्णगड्डे म्हणतात. सोन्याचा कंद. सासूनं पोतं बांधून देताना म्हटलं होतं म्हणे, की माझ्याकडं द्यायला सोनं हेवढंच हाय.

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच वन्संनी मला परसात बसवलं आणि सुपात चार कंद ठेवले. "ओळख." मी बी.ए. झालेली. रताळं ओळखलं, सुरण अंदाजानं सांगितलं. अळकुडीला, म्हणजे अळूच्या कंदाला, आलं म्हणाले आणि जांभळ्या गराच्या कोनफळाला काय म्हणावं तेच कळेना. वन्सं पदर तोंडाला लावून हसल्या. "मोहोळात जमिनीखाली काय पिकतच न्हाय व्हय?" म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कोनफळ उकडून, कुसकरून, गूळ-वेलदोडा घालून त्याच्या पोळ्या केल्या. पुरण जांभळं निघालं. तेव्हापासून मी त्यांच्यापुढं शिक्षणाचा तोरा कधी मिरवला नाही.

वसतिगृहात त्या स्वयंपाकीण म्हणून लागल्या तेव्हा चाळिशीच्या होत्या. मुली जवळपासच्या तालुक्यांतल्या, बऱ्याचशा सांगोल्याकडच्या. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरांतल्या पोरी, पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या. वन्संचा स्वयंपाक साधा होता, पण त्यात मन असायचं. अळकुड्यांची चिंचगुळाची भाजी, काळ्या मसाल्यातलं सुरण, उपासाला रताळ्याचा कीस. मुली सुट्टीत घरी गेल्या की आयांना म्हणायच्या, मावशीसारखं कर. काही वर्षांनी काम वाढलं आणि मदतीला रेणुकाला घेतलं. रेणुका तिशीतली होती. नवरा सोडून गेलेला, पदरात दोन मुली.

त्यानंतर आलेल्या महाशिवरात्रीला ते घडलं. उपासाला रताळी आणि सुरण करायचं होतं. त्या वर्षी सुरण बाजारातून आणलं होतं. दुपारी मुली जेवल्या आणि थोड्याच वेळात एकेकीचा घसा खाजायला लागला. ओठ सुजले, डोळ्यांत पाणी. दोघींना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या ठणठणीत झाल्या, पण तोवर पालकांचे फोन सुरू झाले होते. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनानं वन्संना बोलावून विचारलं. वन्सं म्हणाल्या, "सुरणाला चिंच लागती, उकळी लागती. ती कमी पडली. चूक माझी." त्यांना कामावरून काढण्यात आलं.

मला त्या दिवसाचा राग अजून आठवतो. ज्या बाईनं मला सुरण चिरताना हाताला तेल लावायला शिकवलं, फोडी चिंचेच्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या ते शिकवलं, तिच्या हातून हे होईल यावर माझा विश्वास बसेना. आमच्या गल्लीत बायका मागून 'खाजऱ्या सुरणाची बाई' म्हणायला लागल्या. मी एकदा चिडून म्हटलं, "वन्सं, तुम्ही काही बोलत का नाही?"

"बोलून काय करू? पोरींचा घसा खाजला तो खाजलाच की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ घेतली आणि परस खणायला सुरुवात केली. आमची माती काळी, चिकट. पावसात चिखल आणि उन्हात दगड. त्यात कंद वाकडेतिकडे होतात. वन्संनी मुरूम आणला, चुलीची राख आणली, शेणखत मिसळलं आणि जमिनीपासून वीतभर उंच वाफे केले. वैशाखात परसाच्या कोपऱ्यात जपलेल्या सासूच्या सुरणाचे तुकडे, प्रत्येकाला एक डोळा राहील असे कापून शेणकाल्यात बुडवले आणि खड्ड्यांत लावले. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. घरात भांडी विसळलेल्या पाण्याचा थेंब मोरीत जाऊ देत नव्हत्या. मार्गशीर्षात पानं पिवळी होऊन कोलमडली तशी त्या एकेक खड्डा उकरायला बसल्या. पहिलं सुरण निघालं ते परातीएवढं. गुळगुळीत, आत फिकट गुलाबी. उकडून त्यांनी आधी स्वतः खाल्लं, मग मला दिलं. घशाला काही झालं नाही. वन्सं म्हणाल्या, "सासूबाईंचं सोनं खोटं न्हवतं." इतकं सुखावलेलं त्यांचं तोंड मी क्वचितच पाहिलं.

वर्ष उलटायच्या आत वसतिगृहाच्या अधीक्षिका आमच्या दारात उभ्या राहिल्या. नवीन स्वयंपाक्याच्या हातचं मुली खाईनात. त्यांनी सह्या करून अर्ज दिला होता, मावशीला परत आणा म्हणून. मी मनात म्हटलं, आता वन्सं यांना चांगलं ऐकवतील. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि दोन अटी सांगितल्या. "मागची रिकामी जागा मला कंद लावायला द्या. आन् रेणुकाला कामावरून कधी काढायचं न्हाय." पहिली अट मला कळली. दुसरी का घातली ते कळलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

त्या जागेत मुलींनीच वाफे केले. मेंढरांच्या लेंड्यांचं खत सांगोल्याच्या पोरी सुट्टीवरून येताना पोत्यातून आणायच्या. एका वर्षी पाऊस असा दडी मारून बसला की उन्हाळ्यात भाजी दिसेना, आणली तर परवडेना. पाण्याचे टँकर यायचे. त्या उन्हाळ्यात परीक्षा संपेपर्यंत वसतिगृह जमिनीखालच्या अन्नावर जेवलं. वन्सं लागेल तेवढंच सुरण उकरायच्या, बाकी मातीतच ठेवायच्या. रताळी, अळकुड्या, कोनफळं आळीपाळीनं. एकही मुलगी जेवण नाही म्हणून घरी गेली नाही. अधीक्षिकांनी सभेत त्यांचा सत्कार करायचं ठरवलं, तर या शाल घ्यायला व्यासपीठावर गेल्या आणि माईकवर म्हणाल्या, "चुलीवर भाजी हाय, जाते." सगळं सभागृह हसलं आणि मग उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. मी मागच्या रांगेत होते.

आमच्यात माणसाला मातीत ठेवतात. वन्सं गेल्या त्या दिवशी मूठमूठ माती टाकायला पूर्वीच्या कितीतरी मुली आल्या होत्या, आता कुणी नर्स, कुणी शिक्षिका, एक सांगोल्याहून लेकराला कडेवर घेऊन आलेली. तिच्या डाळिंबाच्या बागेच्या कडेला वन्संनी दिलेलं सुरण आजही उगवतं, असं ती सांगत होती. रेणुका सगळ्यांच्या मागं उभी होती. माती टाकून झाली तरी जागची हलेना.

चार दिवसांनी ती घरी आली. चटईवर बसली.

"बाई, त्या शिवरात्रीला सुरण मी केलं होतं," ती म्हणाली. "मावशी मागच्या चुलीवर रताळी उकडत होत्या. मला म्हणाल्या होत्या, चिंचेच्या पाण्यात ठेव, मग उकळ. माझी धाकटी तापानं फणफणली होती, लक्ष घरी... चिंच राहिलीच. मी सांगायला निघाले होते. मावशींनी दारात हात धरला. म्हणाल्या, तुला काढलं तर दोन लेकरं घेऊन कुटं जाशील? माझं काय, मला भावाचं घर हाय."

इतकी वर्षं त्या ज्या घरात राहिल्या ते घर माझंच. त्याच घराच्या भरवशावर त्यांनी रेणुकाचा दोष अंगावर घेतला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. मला त्या माझ्या नणंद होत्या याचा अभिमान नेहमीच होता. त्या दिवशी पहिल्यांदा या घराचाही वाटला.

"धाकटी काय करते आता?" मी विचारलं.

"बारावीला हाय. हितल्याच वसतिगृहात राहून शिकती."

गेल्या सोमवारी मी वसतिगृहात गेले. रेणुकानं सुरण केलं होतं. मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या, पण वाढायला सुरुवात झाली नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक बुटका पाट आहे. त्यावर बसून रेणुका वाटीतलं सुरण खात होती. खाऊन झालं, वाटी बाजूला ठेवली आणि ती नुसती बसून राहिली. मी पुढं व्हायला लागले तशी एक लहान मुलगी मला म्हणाली, "थांबा, आजी. मोठ्या पोरी सांगतात, मावशी कामावर परत आल्यापासून रोज अशाच बसायच्या. आधी त्यांनी खायचं, घसा बघायचा, मग आमाला."

थोड्या वेळानं रेणुका उठली, पाणी प्यायली आणि पळी हातात घेतली. "या," ती म्हणाली, आणि रांग पुढं सरकली.