परक्या देवावर ठेवलेला हात

साल १९५७. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, कळव्यात खाडीकाठच्या खारीतली भातशेती करणारा. भुतंखेतं, अंगात येणं, नवस... यातलं मी काही मानत नव्हतो, आजही मानत नाही. शाळा चौथीत सोडली, पण डोकं गहाण टाकलं नाही. तरी हे लिहितोय, कारण गेल्या महिन्यात एका लग्नाच्या मांडवात मला बघून कोणीतरी बोललं, "तो बघ, शेत बुडवणारा म्हातारा." अजून! एवढी वर्षं झाली तरी! म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आमच्या शेतांना खाडीचा बांध. बांधाला लाकडी झडपेची उघाडी – ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडायचं, भरतीला बंद ठेवायची. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. आश्विनात, लोंब्या भरलेल्या असताना, माझी पाळी आलेली. आईला ताप होता, मला ठाण्याला टेंभी नाक्यावर वैद्याकडे जायचं होतं. माझा मोठा भाऊ – आम्ही त्याला दादूस म्हणायचो – बोटीवर खलाशी, सुट्टीवर आलेला. म्हणाला, "तू जा रं. उघाडी मी बघतो."

बघितली ना! जिताडे आत यावेत म्हणून भर भरतीला उघडली. मासे पकडून घरी आला आणि बंद करायला विसरला. खारं पाणी शिरलं ते हिरूकाकीच्या शेतात. काकी विधवा. तिचं वर्षाचं भात उभं जळलं.

घरात मला म्हणाला, "विसरलो रं. पन तू गप राव. माझं नाव खराब झालं तर?"

"आनि माझं?"

"तुझं नाव कोन विचारतंय?"

पाळी माझी, म्हणून गुन्हा माझा. पंच म्हणाले, वाळीत टाका. म्हणजे विहीर बंद, विस्तव बंद, उद्या आई गेली तर खांदा द्यायला कोणी येणार नाही. पंचांतले मुख्य पाटीलबाबा; त्यांच्याच पडवीत मी सगळ्यांसमोर ओरडलो, "दादूसनं उघडली! गावदेवीवर हात ठेवून बोलू दे त्याला!"

दादूस लगेच म्हणाला, "मी बोटीवर नाय नाय ते खाल्लंय, देवीला बाट नको. माझा देव घरी हाय, त्याच्यावर हात ठेवतो."

त्याचा देव! पश्चिम आफ्रिकेत कोनाक्री बंदरावर जुना शर्ट देऊन आणलेलं एक लाकूड. पक्ष्याची लांब चोच, वर माणसाचं कपाळ, अंगभर बारीक नक्षी, खाली गोल बैठक. सगळं एकाच ओंडक्यातून कोरलेलं. दादूस त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचा. त्यानंच हसत हसत सांगितलेलं – तिकडं बागा नावाचे लोक आहेत, आपल्यासारखेच तिवरं तोडून, बांध घालून खारीत भात पिकवतात. हा त्यांच्या घराण्याचा देव. पहिलं भात याला. घरात कोणी दगा केला तर हा ओळखतो म्हणे. आता त्यांच्यात नवा धर्म आला, जुने देव टाकून देतात.

देवीला दादूस भीत होता, याला नाही. आफ्रिकेचा देव कळव्यात काय करणार! एवढाच त्याचा हिशेब. माझं डोकं असं तापलं की म्हटलं, ठेव! ठेवच हात!

परातीत तांदूळ ओतले. सुके, पाटलांच्या कणगीतले. त्यावर घरून आणलेला तो पक्षी ठेवला. सकाळचे दहा वाजले असतील, पडवीत लख्ख ऊन. दादूसनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उघाडी मी उघडली नाय. काय ते माझा भाऊ जानं."

तांदळातून पाणी वर आलं.

गळलं नाही, सांडलं नाही. खालून वर आलं. दाणे तरंगले, परात काठोकाठ भरली, पाणी सारवलेल्या जमिनीवरून पंचांच्या पायाखाली गेलं. सगळे पाय वर घेऊन बसले. मी बोट बुडवून चाटलं. खारट, आणि वास खाडीच्या चिखलाचा.

दादूसनं हात काढून पँटीला पुसला. "बोटीवर पानी प्यायलेलं लाकूड हाय, सोडतंय."

मी तो पक्षी उलटा केला. कुठं भोक नाही, पोकळी नाही. आणि लाकूड कोरडं! चोच कोरडी, बैठकसुद्धा कोरडी. ओले फक्त तांदूळ.

पाटीलबाबांनीही पाणी चाटलं आणि थुंकले. मग म्हणाले, "परका देव. आपल्यात त्याची साक्ष चालत नाय. पाळी ज्याची, गुन्हा त्याचा." अरे, चाटलंत ना तुम्ही! तोंड कशाला वाकडं केलंत मग? पण दादूस देवळाला नवी कौलं देणार होता, त्याला कोण बोलणार!

संध्याकाळी दादूस मला म्हणाला, "पंचांच्या पाया पड, सोडतील." मी म्हटलं, "तू पड." पुढं सुट्टी संपल्यावर त्यानं तो पक्षी गोणपाटात बांधून बोटीवर नेला. कुठं टाकला, मरेपर्यंत सांगितलं नाही.

ठाण्याच्या कॉलेजातल्या एका मास्तरांना मी हे विचारलेलं. म्हणाले, "लाकूड हवेतला ओलावा धरतं, आजोबा." मी म्हटलं, परातभर? आणि चिखलाच्या वासासकट? खरं कारण मलाही माहीत नाही. देव होता असं मी म्हणणार नाही. पाणी आलं, एवढं म्हणणार.

त्या शपथेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गावातल्या सगळ्या बाया पाण्याला आलेल्या असताना, मी हंडे घेऊन विहिरीवर गेलो. बायांनी आपापले हंडे बाजूला ओढले. काठावर हिरूकाकी, दोर तिच्याच हातात.

"तुला पानी बंद हाय ना रं?"

"दोर दे, काकी."

"परातीतलं पानी खारट होतं म्हनं," ती म्हणाली. मग दोर दिला. सगळ्यांसमोर मी दोन हंडे भरले. घरात लागायचा एकच.