विझलेल्या चुलवाणाची ऊब

माझ्या वडिलांनी, आमच्या आबांनी, उभा जन्म गुळाचा रंग बघण्यात घालवला. कोडोलीतल्या आमच्या गुऱ्हाळावर रस आटवायची काईल कधी उतरवायची आणि निवायला वाफ्यात ओतलेला गूळ ढेपांत कधी भरायचा, हे तेच सांगायचे. काचबिंदूनं नजर गेली आणि त्यांनी गुऱ्हाळाचं नावच टाकलं. घर सोडून बाहेर पडेनात. "आंधळ्याचं तितं काय काम? पाय भाजून घीन उगंच," एवढंच बोलायचे. मी बँकेत दिवसभर लोकांची समजूत काढतो, पण बापापुढं माझी डाळ कधी शिजली नाही. म्हातारा खाटेवर बसून झिजणार, असंच वाटायला लागलं होतं.

माझी थोरली लेक पुण्यात आकाशाचा अभ्यास करते. हंगाम ऐन भरात असताना ती सुट्टीला आली. आबांनी विचारलं, "पोरी, तू वर बघून करतीस तरी काय?"

"मी बघतच नाही आबा. ऊब मोजते. गुऱ्हाळावर चला, तिथं सांगते."

"हितं सांग की."

"इथं चुलवाण हाय व्हय?"

म्हातारा उठला! आम्ही सगळ्यांनी डोकं आपटून जे झालं नाही, ते या कार्टीनं बसल्या जागी केलं.

आम्ही पोचलो तेव्हा दिवसाची शेवटची काईल उतरली होती. गूळ वाफ्यात निवत होता, काईलीखालच्या चुलवाणातला जाळ विझला होता. लेकीनं आबांना शेडच्या मधोमध पोत्यावर बसवलं. "सांगा, ऊब कुठनं कुठनं येतीया?"

"म्होरनं चुलवाण. डावीकडनं वाफा. आन पाठीमागं तुजा बा हुबा हाय, घामाघूम हून."

सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

"आता हे सगळं वजा करा. मागं काय उरलं?"

आबांनी हात पसरून चहूकडं फिरवले. मग हळूच म्हणाले, "उरलीया की. बारीक हाय, पर सगळीकडनं येतीया. हितनंच म्हणून बोट दावता येत न्हाय."

"हेच माझं काम, आबा."

मग तिनं सांगितलं. आकाशातही अशी ऊब चहूकडून येते. आपल्या सूर्याभोवतालच्या धुळीची वजा करायची, आपल्या आकाशगंगेची वजा करायची. तरीही जी उरते, ती लांबलांबच्या दीर्घिकांची. तारे जन्मतात ते धुळीच्या ढगांत. ती धूळ त्यांचा उजेड गिळते, तापते आणि ऊब सोडते. आजवरच्या सगळ्या ताऱ्यांचा जवळपास निम्मा उजेड असा धुळीच्या पोटात गेलेला.

"म्हंजे वाया गेला म्हण."

"नाही आबा. ऊब होऊन अजून येतोय. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच."

विज्ञानाची पदवी माझ्याकडंही आहे, पण ती भिंतीवर टांगलेली. लेकीचं मोठं कौतुक वाटलं. तिनं म्हाताऱ्याला शिकवत न बसता सरळ कामाला लावलं होतं.

"आन तुजी दुर्बीणच तापली तर?" आबांनी विचारलं.

"म्हणून तिला आधी गार करायची. नाहीतर ती स्वतःचीच ऊब मोजत बसते."

"तुज्या बासारकी. सोताचंच सांगत बसायची."

निघायची वेळ झाली. मी हात धरायला गेलो, तर आबांनी तो झटकला आणि काठी टेकत वाफ्याकडं गेले. गुळावर वीतभर अंतरानं तळहात धरला. इकडं सरकवला, तिकडं सरकवला. "भरा ढेपा. आलाय गूळ," म्हणाले. गुळव्यानं, म्हणजे आता त्यांच्या जागी काम करणाऱ्या गड्यानं, फावडं घालून बघितलं आणि मुकाट्यानं ढेपा भरायला घेतल्या.

"उद्या चुलवाण कवा पेटवणार?" आबांनी त्याला विचारलं.

"पाटंचं. पर आबा, तवा लई थंडी असती."

"असूंदे. मला न्यायला ये. शेडच्या भिंती गार असल्या की ऊब नीट कळती."