धारवाल्याचा राग

"धार पात्याला असावी, जिभेला नसावी," हे धारवाल्याचं पालुपद. शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची टपरी. पायाने चाक फिरवत तो दिवसभर कात्र्यांना धार लावी, अन् गिऱ्हाईक कितीही तडतडलं तरी हसून म्हणे, "बसा, पाणी घ्या." गल्ली त्याला लोणी म्हणायची.

गावच्या नाटकमंडळीत वीस वर्षं तो मशाल धरून उभा राहिला होता. तोंडी एक अक्षर नाही. यंदा शाळेतल्या मास्तरांनी एक जुनी शोकांतिका बसवायला घेतली. तिच्यातला नायिकेचा तापट चुलतभाऊ भर चौकात नायकाच्या मित्राला तलवारीने लोळवतो आणि पुढच्या साऱ्या नाशाला काडी लावतो. ते काम धारवाल्याच्या पदरात पडलं, कारण तलवार पेलेल असं मनगट मंडळीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

त्याने जीव ओतला. मंडळीच्या गंजक्या, बोथट तलवारी पंधरा दिवस घासून आरशासारख्या केल्या. संवाद तोंडपाठ केले. पण राग काही येईना. नायकाचा मित्र झाला होता गल्लीतला न्हावी. वार केला की धारवाला पडत्या न्हाव्याच्या काखेत हात घालून त्याला हळूच खाली ठेवी आणि विचारी, "लागलं नाही ना रे?"

"अरे, तू त्याला मारतोयस की निजवतोयस?" मास्तर कपाळावर हात मारून घेत. शेवटी म्हणाले, "उद्या राग दिसला नाही, तर हे काम पोस्टमनला. तू आपली मशाल धर."

रात्री घरी धारवाला जेवता जेवता थांबला. "वीस वर्षांनी तोंड उघडायला मिळालं होतं गं," एवढंच बोलला.

बायकोने त्याच्या ताटात भाकरी वाढली. सकाळी मात्र ती तडक न्हाव्याच्या दुकानात गेली. "भावजी, पंचवीस वर्षांच्या संसारात हे माझ्यावर एकदाच ओरडलेत. कापडाच्या कात्रीने मी पत्र्याचा डबा उघडला होता, तेव्हा."

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. मग तो गालात हसला.

तालमीत द्वंद्वाची वेळ आली. न्हावी डुलत डुलत पुढे आला आणि ती आरशासारखी तलवार त्याने दगडी पायरीवरून खर्रर्र ओढत नेली.

धारवाल्याचे कान लाल झाले. "उचल ती!" वाक्य नाटकात नव्हतंच, पण असं कडाडलं की खिडकीतलं कबूतर उडालं. न्हाव्याने पुन्हा ओढली. मग जे झालं त्याने मास्तरांच्या हातची वही गळून पडली. न्हावी दोनदा "अरे बाबा, मी आहे, मी!" म्हणाला आणि मुकाट मेला. या खेपेला त्याला धरायला कुणी हात पुढे केला नाही.

"हाच! हाच तो राग!" मास्तर नाचायचेच बाकी होते. "काम तुझंच. आणि ते 'उचल ती'सुद्धा ठेव."

पण धारवाला उकिडवा बसून मेलेल्याच्या मुठीतून तलवार सोडवत होता. चरा पडलेल्या पात्यावरून अंगठा फिरवून तो चुकचुकला. "तुला मारलं ते बरंच केलं."

"आता रोज ओढणार," न्हावी पडल्या पडल्या म्हणाला.

"ओढ. रोज घासीन."

तलवार कापडात गुंडाळून, लेकरू घ्यावं तशी छातीशी धरून तो टपरीकडे निघाला. वाटेने "उचल ती, उचल ती" असं निरनिराळ्या सुरांत घोकत होता. तालमीच्या दारातून बायको तोंडावर हात धरून, हसू दाबत त्याला जाताना बघत होती, आणि तिच्यामागे गुडघा चोळत उठून आलेला न्हावी.