दौंडच्या मंगल कार्यालयातली थाई लढत

पुण्याहून निघालेली एसटी वाघोलीच्या गर्दीतून एकदाची सुटली आणि दोन्ही बाजूंनी आभाळ खाली उतरलं. आम्ही चिपळूणची माणसं. आमच्याकडे कुठेही पाहा, नजर शंभर पावलांत एखाद्या डोंगराला नाहीतर झाडाला टेकते. इथे ती टेकेचना. कांद्याची रोपं, ज्वारी, मधूनच एखादा मोठा कारखाना, पुन्हा ज्वारी. खिडकीतून थंड वारा येत होता आणि शिरूर येईपर्यंत मी शालीतून हात बाहेर काढला नाही.

या भागात मी आले ते कामाच्या निमित्ताने, पण कोणी पाठवलं म्हणून नव्हे. परदेशी मारधाडपटांचे मराठी संवाद लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. त्यातही थायलंडचे चित्रपट माझ्याकडे जास्त येतात. मला थाई येत नाही. इंग्रजी मसुदा आणि पडद्यावरचे ओठ समोर ठेवून, त्या ओठांत बसतील असे मराठी शब्द मी शोधते. या चित्रपटांतला नायक लोकांच्या खांद्यांवरून धावत जातो, हवेत गुडघा उचलतो, कोपराने कवट्या फोडतो. वर्षानुवर्षं हे लिहिते आहे, पण खरी थाई लढत डोळ्यांनी कधी पाहिलेली नव्हती. शिरूरमध्ये मुए थाई (थायलंडची पारंपरिक लढण्याची पद्धत) शिकवणारे कोणी दत्ता सर आहेत, असं एका ध्वनिमुद्रकाने सांगितलं. मी त्यांना फोन केला आणि निघाले.

दत्ता सरांची तालीम बाजारपेठेच्या मागे, एका पत्र्याच्या गोदामात आहे. पूर्वी तिथे कांदा साठवत. वास अजून आहे. सर पन्नाशीचे, बुटके, आवाजाने मऊ. तरुणपणी थायलंडमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी करत असताना, सकाळच्या मोकळ्या वेळात ते ही विद्या शिकले.

"पिक्चरमध्ये जे दिसतं ते मुए बोरान," ते म्हणाले. "म्हंजी जुनी, लढाईतली पद्धत. हाताला दोर गुंडाळायचे, हत्तीवरून उडी. ते खोटं न्हाई, पण त्यात कॅमेऱ्यासाठी लई भर घातली. आता रिंगमध्ये ग्लोव्ह्ज असतात, पंच असतो. आन् निम्मा वेळ तर दोघं एकमेकांची मान धरून उभी असतात."

"ते मी कधीच पाहिलं नाही," मी म्हटलं.

"कसं दाखवतील? बघणारा झोपंल की."

तालमीत त्या शनिवारी एकच मुलगी आली होती. रेश्मा तिचं नाव. वय पंचविशीच्या आसपास, केसांच्या दोन घट्ट वेण्या. कुरकुंभच्या औषध कारखान्यात ती पॅकिंगला आहे आणि तिथेच खोली घेऊन राहते. सुट्टीला शिरूरला येते. एरवी गच्चीवर वाळूचं पोतं टांगून सराव करते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दौंडला तिची पहिली लढत होती.

सराव संपल्यावर आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. मी काय काम करते हे कळल्यावर ती हसायची थांबली.

"मग तुम्ही आमच्या आप्पांना भेटा," ती म्हणाली. "वडील माझे. राहूला गुऱ्हाळ हाय आमचं. त्यांनी टीव्हीवर तसला एक पिक्चर बघितला आन् तवापासून माझ्याशी बोलत न्हाईत. म्हणतात, हातपाय मोडून घ्यायला पोरगी वाढवली का? सरांनी समजावलं, आईनं समजावलं. तुम्ही तर ते पिक्चर लिहिता. तुमचं ऐकतील."

"मी फक्त संवाद लिहिते गं."

"तेच सांगा की त्यांना. ते सगळं लिहिलेलं असतं म्हणून."

तिने हे इतकं साधेपणाने म्हटलं की नाही म्हणणं मला जमलं नाही.

दुपारी न्हावऱ्याच्या बसने निघाले. पुढे पारगावला भीमेचा पूल लागतो. पाणी संथ, हिरवट. पूल ओलांडला की ज्वारी मागे पडते आणि ऊस सुरू होतो. पारगावहून राहूपर्यंत वडाप (माणसं भरून नेणारी जीप) मिळालं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुणाकडं?" मी गुऱ्हाळाचं सांगितलं, तर त्यांनी ड्रायव्हरला ओरडून मला थेट दारात उतरवायला लावलं.

उतरले आणि पहिल्याच पावलाला माझी चप्पल रस आणि चोयट्यांच्या (रस काढलेल्या उसाच्या चिपाडांच्या) चिखलात रुतली. ओढली तर तिचा अंगठाच तुटला. अशी एक पाय अनवाणी मी आप्पांसमोर उभी राहिले.

आप्पा उंच, पांढरी टोपी, डोळे धुराने लाल. ते काहिलीपाशी (रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी) उभे राहून उकळत्या रसावरची मळी काढणाऱ्या कामगारांना हिंदीत सूचना देत होते. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि आधी घरातून बायकोच्या चपला मागवल्या. मग वाटीत गरम काकवी आणि बाजरीची भाकरी आली. काकवी इतकी गरम होती की माझी जीभ पोळली आणि बराच वेळ मला नीट बोलता येईना. या अवस्थेत मी त्यांना माझं काम सांगितलं.

"म्हंजी, 'आवाज ऐकलास? तुझंच हाड होतं ते,' हे तुम्ही लिहिलं?" आप्पांनी विचारलं.

ते वाक्य माझंच होतं. मी मान डोलावली.

"लई भारी वाक्य हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "चार रात्री झोपलो न्हाई मी."

मी त्यांना सांगितलं की तो आवाज हाडाचा नसतो. स्टुडिओत माइकजवळ गाजरं मोडून काढतात. त्यांनी मोळीतला एक ऊस उचलला, गुडघ्यावर काडकन मोडला आणि तुकड्यांकडे पाहत राहिले.

"आवाज लबाड असंल. पण कोपर? ते तर खरंच लागत असंल ना, ताई? पोरीला किती लागंल, ते सांगा."

इथे मला धीर द्यायला हवा होता. रेश्माने त्यासाठीच पाठवलं होतं. पण ते इतक्या सरळ डोळ्यांनी विचारत होते की तोंडात आलेलं गोड उत्तर मला देववेना.

"मला माहीत नाही, आप्पा," मी म्हटलं. "खरी लढत मीसुद्धा पाहिलेली नाही. उद्या पहिल्यांदाच पाहणार आहे."

रसाचा रंग बदलला होता. आप्पांनी काहील उतरवायला लावली. सगळं वाफ्यात (गूळ निववायच्या उथळ हौदात) ओतून होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग हात धुतले आणि म्हणाले, "मुक्काम हितंच करा. सकाळी चौफुल्याहून दौंडची गाडी धरू. तुमाला एकटीला सापडायचं न्हाई."

सकाळी बसमध्ये ते खिडकीशी बसले. पाटसजवळ साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता; आमची बस उसाच्या भिंतीमागून हळूहळू सरकत राहिली. कुरकुंभ आलं तसा औषधी, उग्र वास आत शिरला. कंपन्यांच्या चिमण्यांकडे बघत आप्पा म्हणाले, "आठ तास ह्यात उभी असती. त्याची भीती मला कवा वाटली न्हाई बगा. ह्या मारामारीची वाटली."

लढती एका मंगल कार्यालयात होत्या. नवरा-नवरी बसतात त्या जागी रिंग उभारलेली, मागे आदल्या लग्नाची झेंडूची कमान तशीच. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पोहे खात बसलेले आईबाप. मी मनात रंगवलेला अंधार, धूर, आरडाओरडा यातलं काहीच नव्हतं.

रेश्मा आली ती डोक्याला मोंगकोन (दोऱ्याचं जाड, पवित्र मानलेलं कडं) घालून. आप्पांना पाहून क्षणभर थबकली. मग तिने वाय ख्रू (गुरूला वंदन करणारा संथ नाच) केला. गुडघ्यावर बसून जमिनीला कपाळ टेकवलं, उठली, रिंगच्या चारही बाजूंना हळू फिरली. चित्रपटांत हे एका झटक्यात उरकतात आणि मीही तिथे काही लिहीत नाही. इथे तो नाच बराच वेळ चालला. दत्ता सरांनी तिच्या डोक्यावरचं कडं दोन्ही हातांनी काढून घेतलं आणि शिरस्त्राण घातलं.

समोरची मुलगी साताऱ्याकडची, रेश्माहून हातभर उंच. कोपरांना पॅड, नडगीला पॅड. पहिल्या फेरीत दोघी बिचकतच लढल्या. मग एकमेकींची मान धरून उभ्या राहिल्या, गुडघे मारत, ढकलत.

"ही तर कुस्ती," आप्पा पुटपुटले. त्यांचे खांदे थोडे सैल झाले.

दुसऱ्या फेरीत लाथ बसली. रेश्माने हात वर केला आणि त्या मुलीची नडगी थेट बरगडीवर आली. आवाज काडकन नव्हता. पोतं खाली टाकल्यासारखा, जड आणि बद्द. रेश्मा एका गुडघ्यावर खाली बसली. पंच मोजू लागला. आप्पांनी माझं मनगट पकडलं होतं, ते इतकं घट्ट की बांगडी रुतली. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त श्वास धरून बसले, आणि मीही. पंचाने आठ म्हणण्याआधी रेश्मा उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात पुन्हा वर होते.

तिसरी फेरी ती चांगली लढली. तरी निकाल दुसरीच्या बाजूने लागला. पंचाने त्या मुलीचा हात वर केला आणि ती मुलगी थेट रेश्माच्या कोपऱ्यात गेली. दत्ता सरांपुढे वाकली. सरांनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं.

"हरवलं ना तिनं आपल्या पोरीला?" आप्पांनी मला विचारलं. "मग पाणी कसं देतेत?"

"रीत असावी तशी," मी म्हटलं. मला हेही माहीत नव्हतं.

बाहेर, कार्यालयाच्या पायरीवर, रेश्मा बरगडीला बर्फ लावून बसली होती. आप्पा तिच्यासमोर उभे राहिले. आईने डब्यात दिलेला ताज्या गुळाचा खडा त्यांनी तिच्या हातावर ठेवला.

"मला न्हाई आवडलं," ते म्हणाले.

"व्हय," रेश्मा खाली बघत म्हणाली.

"अजिबात न्हाई आवडलं. आता कवा हाय पुढची?"

तिने वर पाहिलं. "दोन महिन्यांनी. सांगलीला. तुम्ही नका येऊ, आप्पा. त्रास होतो तुम्हाला."

"येणार," ते म्हणाले. "घरी बसलो की डोक्यात तो पिक्चर चालतो. हितं निदान किती लागलं ते दिसतं."

रेश्मा हसायला गेली आणि बरगडी धरून कळवळली. मग पायरीवर ते तिच्याशेजारी बसले. कितीतरी दिवसांनी बापलेक बोलत होते आणि बोलत होते ते गुऱ्हाळातल्या बिघडलेल्या चरकाबद्दल.

मी दौंड स्टेशनकडे निघाले. पुण्याची गाडी अर्धी रिकामी होती. खिडकीबाहेर उसाची तुरे आलेली रानं सोनेरी दिसत होती. मनगट अजून दुखत होतं. चित्रपटात नायक वीस जणांना लोळवतो आणि आपण त्या वीस जणांकडे ढुंकून पाहत नाही, कारण ते कोणाचेच नसतात. पडले की पडद्याबाहेर. त्या कार्यालयात मात्र खाली बसणाऱ्या प्रत्येकासाठी कोणीतरी खुर्चीत श्वास धरून बसलेलं होतं. एवढं एक मला थाई लढतीबद्दल कळलं, आणि ते थाई लढतीबद्दलच आहे का, हेही नक्की सांगता येत नाही.

घरी पोहोचले तेव्हा नवऱ्याने चहा टाकला आणि विचारलं, "मग, कशी होती मारामारी?"

मी सांगायला बसले, तर पहिला शब्द तोंडातून आला तो "आप्पा".