जोडी सगडनच्या निकालाचं पत्र

ऑड्री क्लेग माझ्या शेजारी राहायची. आमच्या चढावरची दगडी घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे तिच्या जिन्यावरची पावलं मला भिंतीतून ऐकू येत. त्या आठवड्यात ती थांबतच नव्हती.

वकिलाच्या कचेरीतली टायपिस्टची नोकरी सुटल्यावर ती गावच्या हायस्कूलच्या कारभारी समितीची कारकून झाली. समितीतले लोक बिनपगारी, आपापले उद्योग सांभाळून येणारे. नियम कुणालाच धड ठाऊक नसत. ते ठाऊक असणं हेच ऑड्रीचं काम. सभा बोलवायची, कोण काय म्हणालं ते लिहायचं, काही नियमाबाहेर जात असेल तर तिथल्या तिथे सांगायचं. मत मात्र द्यायचं नाही. एकोणीस वर्षं तिच्या कामात कुणाला खोट काढता आली नव्हती.

त्या मंगळवारी जोडी सगडनचं प्रकरण होतं. चौदा वर्षांची पोर. प्रयोगशाळेत हिनं स्टूल भिरकावलं आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलीचं मनगट मोडलं. हेडमास्तरांनी तिला शाळेतून कायमचं काढलं होतं; ते योग्य की नाही, हे समितीतल्या तिघांनी ठरवायचं होतं. सुरुवातीला ऑड्रीनं नेहमीप्रमाणे विचारलं, या प्रकरणाशी कुणाचं नातंगोतं आहे का? तिघांनीही नकारार्थी माना हलवल्या.

त्यातला एक स्टॅन्ली ओल्डरॉइड. आणि घडलेलं पाहून जोडीविरुद्ध लेखी साक्ष देणारी इमोजेन प्रॅट ही त्याच्या लेकीची लेक. आडनाव निराळं, म्हणून कुणाला कळलं नाही. पण इमोजेनच्या बाप्तिस्म्याची शाल ऑड्रीनं स्वतः विणली होती. शिवाय तिचा नवरा फ्रँक गेला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत स्टॅन्ली सगळ्यात पुढे होता. ऑड्रीनं मान खाली घातली आणि ‘कोणाचाही संबंध नाही’ असं लिहून टाकलं.

दोन विरुद्ध एक मतानं जोडीला काढण्याचा निर्णय कायम झाला. त्या दोनांतलं एक मत स्टॅन्लीचं. बाहेर जोडीची आई दुकानाच्या गणवेशातच थांबली होती. तिनं एवढंच विचारलं, “मग आता ती जाणार कुठं?”

निकालाचं पत्र ऑड्रीनंच पाठवायचं होतं. बुधवारी तिनं ते टाइप केलं, चर्चजवळच्या टपालपेटीपर्यंत गेली आणि परत आली. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी ती माझ्याकडे आली. कोट काढला नाही, चहाला हात लावला नाही, खिडकी ते दार करत सगळं सांगून मोकळी झाली.

मी म्हटलं, “पोरीनं मनगट तर मोडलंच ना? दुसरं कुणी असतं तरी निकाल हाच लागला असता.”

“लागलाही असता,” ती म्हणाली. “ते ठरवणं माझं काम नाही. माझं काम एका वाक्याचं होतं, आणि मी ते गिळलं.”

तिथूनच ती स्टॅन्लीच्या भाजीच्या मळ्यात गेली. तो वाफ्यातलं तण काढत होता.

“स्टॅन, तू आपणहून सांग. नाहीतर मला सांगावं लागेल.”

तो वाकलेलाच राहिला. “फ्रँकला खांदा दिला होता मी.”

“दिला होतास. विसरले नाही.”

“इमोजेन त्या दिवशी थरथरत घरी आली, ऑड्री. मी काय तिथं दगड होऊन बसायचं होतं?”

“नाही रे. तू तिथं बसायचंच नव्हतं.”

तो पुन्हा तण उपटायला लागला. शनिवारी दुपारपर्यंत वाट बघून ती समितीच्या अध्यक्ष मिसेस ग्रीनवुड यांच्या घरी गेली आणि न टाकलेलं पत्र त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. सगळं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, “तुम्हाला आधीपासून माहीत होतं, हे लिहायलाच हवं का?”

“हवं. खोटं वाक्य माझ्या हातचं आहे.”

नव्या तिघांपुढे सुनावणी पुन्हा झाली. नोंदी घ्यायला शेजारच्या गावातून कारकून आणली. या वेळी निकाल फिरला आणि जोडी शाळेत परतली. ती एकटीच बसायची, म्हणे. ईस्टरनंतर सगडन मंडळी हल शहरात राहायला गेली. पुढे तिचं काय झालं, कुणास ठाऊक.

स्टॅन्लीनं समिती सोडली. ऑड्री समोरून दिसली की तो रस्ता ओलांडायचा. मिसेस ग्रीनवुडनी ऑड्रीला थांबायची विनंती केली, पण तिनं जुलैत शाळेचं वर्ष संपेपर्यंतचं काम उरकलं आणि कागद नव्या माणसाच्या हवाली केले.

एकदा खाटकाच्या दुकानात आम्ही दोघी रांगेत होतो. मनगट मोडलेल्या मुलीचा बाप मागे येऊन उभा राहिला. आवाज न चढवता तो म्हणाला, “ती पोरगी परत आली ती तुमच्यामुळे. माझी लेक दोन महिने त्या वर्गात जाईना.”

ऑड्री वळली. “हो, माझ्यामुळे,” म्हणाली. आणि तिचा नंबर पुकारला तेव्हा काही न घेता बाहेर पडून चढ चढायला लागली.